लघवीची धार आणि आपली लाज

जव्हारला माझ्या मामूंचं किराणा मालाचं दुकान आहे. दुकानामागे एक बोळ आहे आणि बोळाच्या शेवटी पडक्या भिंतीचा आडोसा. बाजारच्या दिवशी पाड्यांवरून आलेली पुरुषमंडळी तिथेच लघवीला जातात. साखरशेतचा एक गृहस्थ वर्षानुवर्षं मामूंकडे वरई आणि नाचणी घालतो, जाताना तेल-मीठ-साखर नेतो. वय पन्नाशीच्या आत. मामूंच्या लक्षात आलं की हा माणूस बोळात गेला की दहा-बारा मिनिटं परत येत नाही. येतो तेव्हा चेहरा घामेजलेला असतो. आणि तासाभरात पुन्हा जातो.

एका बाजारी मामूंनी त्याला दुकानात बसवलं, चहा मागवला आणि हळूच विचारलं, "धार बारीक झालीय का? जोर करावा लागतो?"

तो आधी दचकला. मग म्हणाला, "शेट, तुम्हाला कसं कळलं?"

"मलाही तेच आहे," मामू म्हणाले.

हे मामूंनी मला पुढे बऱ्याच दिवसांनी सांगितलं, तेव्हा मला साखरशेतच्या माणसापेक्षा मामूंचाच धक्का जास्त बसला. सहा वर्षं हा आजार अंगावर काढला आणि घरात फक्त मामीला ठाऊक. माझ्या आईला, त्यांच्या सख्ख्या बहिणीला, पत्ता नाही. आम्ही सगळे एवढंच म्हणायचो की मामू हल्ली फजरच्या जमातीला दिसत नाहीत, वय झालं, आळस आला असेल. लग्नाकार्याला यायचे नाहीत, तर आम्ही म्हणायचो की दुकानाचा लोभ सुटत नाही. खरी गोष्ट अशी होती की ज्या घरात संडासाबाहेर रांग लागते त्या घरात जायची त्यांना धास्ती वाटायची.

काही वाचकांना प्रश्न पडेल की हा काय लिहिण्याचा विषय झाला? मलाही पडला होता. पण हृदयाच्या झडपेवर आपण चारचौघांत बोलतो, मुतखड्यावर तर विनोदही करतो. या एका आजाराला मात्र आपल्याकडे धड नावही नाही. डॉक्टर 'स्ट्रिक्चर' म्हणतात. पुस्तकी मराठीत 'मूत्रमार्गाचा संकोच', आणि त्यातला संकोच हा शब्द दोन्ही अर्थांनी खरा आहे. गावात 'लघवी तुंबते' म्हणतात, आमच्या घरात 'पेशाब की तकलीफ'. या शेवटच्या शब्दांत मधुमेहापासून प्रोस्टेटपर्यंत काहीही मावतं, त्यामुळे त्यातून काहीच कळत नाही.

आजार तसा समजायला सोपा आहे. पुरुषाचा मूत्रमार्ग साधारण 18 ते 20 सेंटीमीटर लांब असतो, स्त्रीचा 4 सेंटीमीटरच्या आसपास. म्हणून हा मुख्यतः पुरुषांचा आजार. या नळीला आतून नाजूक अस्तर असतं आणि भोवती रक्ताने भरलेला स्पंजसारखा थर. त्याला जखम झाली की ती भरते, वण राहतो आणि वण आकसतो. हातापायावरचा वण आकसला तर दिसायला वाईट दिसतं, एवढंच. नळीच्या आतला वण आकसला तर नळीच मिटत जाते. निरोगी तरुण माणसाची धार सेकंदाला 15 मिलिलिटरच्या वर असते. नळी आकसली की ती दहाच्या खाली येते, पुढे चार-पाचवर, आणि शेवटी थेंबांवर. मूत्राशय जोर करून करून जाड होतं, आत लघवी उरते, तिच्यात जंतू वाढतात, खडे होतात. फार वर्षं दुर्लक्ष केलं तर दाब किडनीपर्यंत पोहोचतो.

जखम कशी होते? परम्याने होते, जुन्या काळी तेच मोठं कारण होतं, आणि बदनामीचं मूळही तेच. कोणाला स्ट्रिक्चर आहे म्हटलं की लोक त्याच्या चारित्र्याकडे बघत. आज बहुतेकांची गोष्ट वेगळी असते. रस्त्यावरच्या अपघातात कंबरेचं हाड मोडतं आणि त्यासोबत नळी तुटते. दोन पायांमध्ये मार बसतो. मूत्रमार्गाच्या तोंडापासून सुरू होऊन आत सरकणारा एक चामडीचा रोग असतो, लायकेन स्क्लेरोसस, त्यात कातडी पांढरी आणि कडक होत जाते. आणि काही वेळा दवाखान्यात घातलेल्या नळीमुळेच होतं. मामूंचं तसंच झालं. हृदयाच्या ऑपरेशनच्या वेळी घातलेली लघवीची नळी बरेच दिवस राहिली. चार महिन्यांनी धार बारीक व्हायला लागली. कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. जीव वाचवायला नळी लागतेच. पण ती घालताना पुरेशी जेली वापरणं, बेताच्या जाडीची घेणं, जोर न लावणं आणि गरज संपली की त्याच दिवशी काढणं हे कोणाचं तरी काम असतं. ते काम वॉर्डात सगळ्यात कनिष्ठ माणसाकडे असतं.

साखरशेतच्या माणसाचं कारण निराळं. पावसाळ्यापूर्वी घर शाकारायला वर चढला होता, पाय घसरला आणि दोन पाय दोन बाजूंना करून वाशावर आपटला. अशा मारात नळीचा मधला, वळणाचा भाग जघनाच्या हाडावर चेपला जातो. रक्त आलं, लघवी अडकली. जवळच्या गावात कोणीतरी नळी घातली, आठवड्याने काढली. बरं वाटलं. पाच-सहा महिन्यांनी धार कमी झाली. मग एका खाजगी दवाखान्यात धातूची सळई घालून रस्ता रुंद करून दिला. दोन महिने बरं, मग पुन्हा तेच. असं किती वेळा झालं ते त्याला सांगता येत नव्हतं. त्याचा हिशेब शेळ्यांचा होता. सात शेळ्या गेल्या, असं तो म्हणाला.

या लेखात मला जे म्हणायचं आहे ते या सात शेळ्यांबद्दल आहे.

सळईने मार्ग रुंद करणं हा फार जुना उपाय आहे. सुश्रुतसंहितेत निरुद्धप्रकश नावाच्या विकारात, म्हणजे पुढची कातडी आवळून लघवी अडते तेव्हा, तूप लावलेली नळी घालायची आणि दर तिसऱ्या दिवशी तिच्याहून जाड घालायची, असा विधी सांगितला आहे. कॉर्दोव्याजवळच्या मदीनत अज-जहराचा अबुल कासिम अज-जहरावी, इ. स. 1013 च्या सुमारास वारलेला, त्याच्या 'अत-तस्रीफ' या तीस भागांच्या ग्रंथात शस्त्रांच्या आकृत्या काढतो आणि लघवी अडल्यावर वापरायची चांदीची बारीक, गुळगुळीत नळी सांगतो. हा ग्रंथ बाराव्या शतकात लॅटिनमध्ये गेला आणि युरोपच्या शल्यवैद्यांनी शतकानुशतकं वापरला. आपल्या व्याख्यानांत जहरावीचं नाव अभिमानाने घेतलं जातं, घ्यावंही. मला त्याच्याबद्दल एक वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्याने हे सगळं लाज न बाळगता लिहिलं. माणसाच्या गुप्तांगात नळी कशी घालायची हे तो हात कसा धरायचा इथपर्यंत लिहितो, आणि त्यासाठी कोणाची माफी मागत नाही.

पण हजार वर्षांपूर्वी सळई आणि नळी हा जो उपाय नाइलाजाने होता तो आज सवयीने चालतो. सळई वण रुंद करत नाही, बहुतेकदा तो फाडते. फाटलेली जागा पुन्हा भरते आणि नवा वण पडतो, आधीच्यापेक्षा थोडा लांब, थोडा जाड. जर्मनीच्या झाक्से नावाच्या सर्जनने 1974 च्या सुमारास दुर्बिणीतून बघत पात्याने वण कापायची पद्धत रूढ केली. ती सळईपेक्षा नेमकी आहे. आखूड, म्हणजे दोन सेंटीमीटरच्या आतल्या, पहिल्याच वेळच्या स्ट्रिक्चरला ती एकदा करून बघणं शहाणपणाचं आहे. अर्ध्या तासाचं काम, माणूस दुसऱ्या दिवशी घरी. दुसऱ्यांदाही करता येते. तिसऱ्यांदा करूनही कायमचा फायदा होण्याची आशा जवळजवळ उरत नाही, हे युरॉलॉजीत गेली वीस-पंचवीस वर्षं सगळ्यांना ठाऊक आहे.

ठाऊक असूनही लोकांना चौथ्यांदा, सातव्यांदा, बाराव्यांदा तेच का केलं जातं? डॉक्टर लुटतात, हे सोपं उत्तर झालं आणि ते अर्धंच खरं आहे. सळई घालायला युरॉलॉजिस्ट लागत नाही, भूल लागत नाही, रुग्ण त्याच संध्याकाळी घरी जातो आणि त्याला त्याच क्षणी बरं वाटतं. तो डॉक्टरचे पाय धरतो. दोन महिन्यांनी पुन्हा तुंबलं की 'आपलं नशीब' म्हणतो. डॉक्टरला दोष देत नाही. मामू तर प्रत्येक वेळी शुक्रान्याच्या दोन रकाती पढायचे.

कायमच्या दुरुस्तीला युरेथ्रोप्लास्टी म्हणतात. वण आखूड असेल तर तेवढा तुकडा कापून दोन्ही निरोगी टोकं जोडतात. निवडक रुग्णांत नव्वद टक्क्यांहून जास्त जणांना यानंतर पुन्हा काही करावं लागत नाही. पण वारंवार सळई घालून वण लांबलेला असेल तर टोकं जुळत नाहीत. मग मार्ग उभा चिरून त्यावर नव्या अस्तराचं ठिगळ लावावं लागतं. हे अस्तर घेतात गालाच्या आतून.

मी मामूंना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते हसले. "तोंडाचं तिथे?" पण विचार केला तर पटतं. गालाचं अस्तर कायम ओलं राहायला सरावलेलं असतं. त्याला केस नसतात. ते जाड, लवचिक असतं, नव्या जागी लवकर रुजतं, आणि गालाची जखमही काही दिवसांत भरून येते. सापेझ्को नावाच्या सर्जनने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे करून पाहिलं होतं, त्याचं काम विसरलं गेलं. 1941 मध्ये इंग्लंडात हंबीने पुन्हा केलं, तेही मागे पडलं. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत मात्र हीच पद्धत जगभर रुळली. इटलीच्या ग्विदो बार्बाग्ली यांनी 1996 मध्ये ठिगळ नळीच्या खालच्या बाजूऐवजी वरच्या बाजूला, घट्ट आधारावर लावायचं दाखवलं.

आणि इथून पुढची गोष्ट आपल्या पुण्याची आहे. पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी यांनी बार्बाग्लींसोबत 2009 मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. आज जगभरचे युरॉलॉजिस्ट तिला 'कुलकर्णी टेक्निक' म्हणतात. संपूर्ण पुढचा मूत्रमार्ग आकसलेला असतो तेव्हा पूर्वी लिंगावर लांब चीर द्यावी लागे किंवा दोन-तीन टप्प्यांत ऑपरेशनं करावी लागत, आणि मधले कित्येक महिने माणसाने बाईसारखं बसून लघवी करायची. कुलकर्णींनी दोन पायांमधल्या एकाच चिरेतून, नळीची फक्त एक बाजू मोकळी करून, दुसऱ्या बाजूच्या नसा आणि रक्तपुरवठ्याला हात न लावता, दोन्ही गालांचं अस्तर लावून एकाच वेळी काम उरकायची रीत बसवली. 2012 मध्ये त्यांनी अशा 117 रुग्णांचे निकाल छापले. वणांची सरासरी लांबी होती 14 सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ सगळी नळी. सुमारे पाच वर्षांच्या पाठपुराव्यात एकूण 83.7 टक्के यशस्वी. पण याच आकड्यांत आणखी एक आकडा आहे, तो मी मामूंच्या डायरीत लिहून दिला: ज्यांची युरेथ्रोप्लास्टी पहिल्यांदाच होत होती त्यांच्यात यश 86.5 टक्के, आणि ज्यांची आधी एकदा फसली होती त्यांच्यात 61.5. पहिली संधी चुकीच्या हातात गेली तर दुसरी तितकी चांगली राहत नाही.

(वर 'बाईसारखं बसून' असं मी लिहिलं ते लोक बोलतात तसं लिहिलं. आपल्यात पुरुषही बसूनच करतात, त्यात कमीपणा मानत नाहीत. पण याच सवयीमुळे धार बारीक झालेली इतरांना दिसत नाही, आणि कित्येकदा स्वतःलाही उशिरा कळते.)

दुसरी बाजूही सांगायला हवी. ब्रिटनमध्ये पुन्हा उद्भवलेल्या स्ट्रिक्चरच्या 222 पुरुषांवर दोन्ही उपायांची तुलना झाली, निकाल 2020 मध्ये आले. दोन वर्षांनी त्रासाच्या बाबतीत दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. दुर्बिणीने कापलेल्यांनाही बरं वाटत होतं. फरक एवढाच होता की युरेथ्रोप्लास्टी झालेल्यांना पुन्हा टेबलावर जायची वेळ साधारण निम्म्याने कमी आली. लंडनमधला माणूस म्हणू शकतो, मला मोठं ऑपरेशन नको, पुन्हा लागलं तर पुन्हा येईन. त्याच्यासाठी तो रास्त निर्णय आहे. साखरशेतच्या माणसाला 'पुन्हा येईन' परवडत नाही. पुन्हा येणं म्हणजे शेळी, मजुरी आणि दोन दिवसांची एसटी. म्हणून माझं मत असं आहे की माणूस जितका गरीब आणि जितका लांब राहणारा, तितकी त्याला कायमची दुरुस्ती आधी सुचवली पाहिजे. आज नेमकं उलट होतं. जवळ राहणाऱ्या पैसेवाल्याला युरेथ्रोप्लास्टी सुचवली जाते आणि आदिवासी पाड्यावरच्या माणसाला सळई.

आता आपल्या घरातली गोष्ट. मामूंनी सहा वर्षं का लपवलं? पुरुषीपणाची लाज होतीच. हा आजार झाला की माणूस नामर्द होतो अशी समजूत साखरशेतला आहे तशी जव्हारच्या मोहल्ल्यातही आहे. पण मामूंच्या बाबतीत दुसरं ओझं होतं तहारतचं. लघवी झाल्यावरही थेंब येत राहायचे. दोन कबरींची हदीस आपल्याकडे मुलांना मदरशातच कळते: लघवीच्या शिंतोड्यांबाबत बेफिकीर राहिलेल्याचं कबरीत काय होतं. मामूंनी ती मनात धरली होती. दिवसातून चार-चार वेळा पायजमा बदलायचे. जमातीत उभं राहिलं आणि थेंब आला तर आपली नमाज तर जाईलच, या भीतीने मशिदीत जाणं सोडलं. घरी एकटे पढायचे, तीही पुन्हा पुन्हा, शंका येऊन.

मी आलिम नाही. पण एवढं विचारून घेतलं आहे की दीनने या माणसाला वाऱ्यावर सोडलेलं नाही. थेंब थांबतच नाहीत, एका नमाजच्या पूर्ण वेळात वुजू करून फर्ज पढण्यापुरतीही उसंत मिळत नाही, तो हनफी मसलकात माजूर ठरतो. त्याने प्रत्येक नमाजच्या वेळेला एकदा वुजू करावा, आणि त्या वेळेत त्याच कारणाने थेंब आला तरी वुजू मोडत नाही. आमच्या कोकणी मुसलमानांत बहुसंख्य शाफई. त्यांच्याकडे वेळ झाल्यावर धुऊन, कापड बांधून, प्रत्येक फर्जसाठी वेगळा वुजू करून लगेच पढायचं. ओटीपोटातून नळी काढून पिशवी लावलेल्या माणसालाही नमाजला मनाई नाही. मामूंचे थेंब मात्र पंधरा-वीस मिनिटांनी थांबायचे, म्हणजे ते माजूरही नव्हते. त्यांनी अजानच्या आधी वीस मिनिटं लघवी उरकली असती तरी जमात मिळाली असती. हे त्यांना सहा वर्षांत कोणी सांगितलं नाही, कारण त्यांनी विचारलं नाही. आणि त्यांनी विचारलं नाही कारण हैज-निफासचे मसले सांगणाऱ्या किताबी घरोघरी आहेत, पण पुरुषाच्या या तकलीफबद्दल मिंबरवरून कोणी बोललेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. जुम्याच्या बयानात वर्षातून एकदा पाच मिनिटं यावर दिली तर किती माणसं जमातीत परत येतील, असं मला वाटतं. आणि त्याच पाच मिनिटांत हेही सांगावं की माजूर असण्याची सवलत इलाज टाळण्यासाठी नाही.

ओघात एक सांगून टाकतो, कारण विचारणा होते. खतना झालेल्यांना हा आजार होत नाही का? लायकेन स्क्लेरोससचा धोका त्यांना कमी असतो, बाकी कारणांपासून सुटका नाही. उलट खतन्यानंतर काही लहान मुलांचं लघवीचं तोंड आकसून सुईच्या नेढ्याएवढं होतं, धार बारीक आणि वरच्या दिशेने उडते. असं दिसलं तर मुलाला रागावू नका, डॉक्टरला दाखवा. छोटं काम असतं.

मामूंचं ऑपरेशन आधी झालं. त्यांच्याकडे पैसे होते आणि मी होतो. साखरशेतच्या माणसाचं व्हायला पुढे अकरा महिने लागले. ते अकरा महिने कुठे गेले ते सांगतो.

साखरशेतला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. तिथे किंवा तालुक्याच्या रुग्णालयात युरॉलॉजिस्ट असावा अशी अपेक्षा मी करत नाही. एमएसनंतर तीन वर्षं एमसीएच केलेला माणूस जव्हारला का राहील? मोठं ऑपरेशन नाशिक किंवा मुंबईलाच होणार. जव्हारहून मोखाडा, त्र्यंबक करत नाशिक सुमारे 80 किलोमीटर, मुंबई त्याच्या जवळजवळ दुप्पट. ऑपरेशनला जावं, त्याची तक्रार नाही. पण या माणसाला पहिली फेरी धारेचा वेग मोजायला घातली, दुसरी सोनोग्राफीला, तिसरी लघवीच्या कल्चरला, चौथी औषध भरून एक्स-रे काढायला, पाचवी भुलीच्या डॉक्टरला दाखवायला, सहावी तारीख घ्यायला. दोनदा 'आज मशीन बंद आहे' ऐकून परत आला. धारेचा वेग मोजायला काय लागतं? मापाचं भांडं आणि घड्याळ असलं तरी ढोबळ अंदाज येतो, कोणतीही नर्स तो घेऊ शकते. कल्चर सोडलं तर सोनोग्राफी, रक्त, एक्स-रे ही कामं तालुक्याला होण्यासारखी आहेत. सहापैकी चार फेऱ्या जव्हारच्या पुढे जायची गरज नव्हती.

पैशाचं म्हणाल तर 2012 मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली आणि 2017 पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना आहे, तिच्या यादीत युरेथ्रोप्लास्टी आहे. त्यामुळे ऑपरेशनचा खर्च त्याला पडला नाही. पण योजना शेतीचं वेळापत्रक बघत नाही. आषाढात लावणी, आश्विनात कापणी, दिवाळी झाली की घरदार बंद करून भिवंडी-वसईच्या वीटभट्टीवर, ते थेट शिमग्यानंतर परत. भट्टीची उचल आधीच घेतलेली असते, ती फेडल्याशिवाय निघता येत नाही. ऑपरेशननंतर तीन-चार आठवडे नळी ठेवावी लागते, जड काम नाही, उकिडवं बसायचं नाही. हे त्याच्या वर्षात बसतं फक्त लावणी आणि कापणीच्या मध्ये, श्रावण-भाद्रपदात. पहिल्या वर्षी त्याला कार्तिकातली तारीख मिळाली. तो गेला नाही. कागदावर 'रुग्ण अनुपस्थित' असा शेरा पडला आणि त्यानंतर भेटणारा प्रत्येक जण त्याला म्हणू लागला, तुम्हालाच गरज दिसत नाही. आदिवासी भागातल्या रुग्णांना भाद्रपदाची तारीख द्यायला एक पैसाही जास्त लागत नाही.

दुसऱ्या वर्षी झालं. लांबी आठ सेंटीमीटर भरली. मार बसला तेव्हा ती दोनाच्या आत असावी, असं डॉक्टर म्हणाले. बाकीची सात शेळ्या देऊन वाढवलेली.

एक अडचण मात्र अशी होती की तिच्याकडे आम्हा कोणाचं लक्षच गेलं नव्हतं. ऑपरेशनआधी त्याला तोंड उघडायला सांगितलं. तो तंबाखू-चुना खायचा, गालफडात धरून. एका गालाचं अस्तर पांढरं, चरबरीत झालेलं. दुसरा गाल वापरण्याजोगा निघाला म्हणून निभावलं. गुटखा, सुपारी, मावा खाणाऱ्यांचं तोंड आवळत जातं, गालात दोऱ्या तयार होतात, आणि तिथलं अस्तर ठिगळाच्या कामाचं राहत नाही. मग जिभेखालून घ्यावं लागतं, तेही धड नसलं तर दुसरीकडून, आणि निकाल तितका खात्रीचा राहत नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. बंदी कशी आहे ते बोळाच्या भिंतीकडे बघितलं की समजतं. आपल्या मोहल्ल्यांतही वेगळं चित्र नाही; शराबला हात न लावणारी माणसं दिवसाला पंधरा पुड्या खातात आणि त्यात काही गैर आहे असं त्यांना वाटत नाही.

मामू आता जमातीला जातात. दुकानाच्या गल्ल्यात हिशेबाच्या वहीखाली त्यांनी स्वतःचा जुना एक्स-रे ठेवला आहे, त्यात पांढऱ्या नळीचा मधला भाग दोऱ्याएवढा दिसतो. बोळातून कोणी उशिरा परतला की त्याला आत बोलावतात, चहा देतात आणि फिल्म उजेडात धरून दाखवतात. आजवर चार जणांना दाखवली आहे. चारही जण आधी म्हणाले, मला तसलं काही नाही.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. मोखाड्याकडचा एक पोरगा आहे, जीपच्या अपघातात कंबर मोडली होती, पोटाला नळी आणि हातात पिशवी घेऊन वर्षभर फिरतोय, वय चोवीस. याचं होईल का?

मी म्हटलं, "होईल. पण मामू, अशा केसमध्ये सहसा टोकंच जोडतात, तरी कधी गालाचं लागू शकतं. पुडी खातो का?"

"खातो."

"तोंड पूर्ण उघडायला सांगा. बोटं उभी धरून किती आत जातात बघा. तीन जायला हवीत."

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग मामू म्हणाले, "दोन."